मोडणारी संख्या

"सर, नमस्कार. मी शिंदखेडा तालुक्यातली. बी.ए. झालं, आता धुळ्यात खोली करून राहते आणि अभ्यासिकेत यूपीएससीची तयारी करते. सामान्य अध्ययनाचं बरं चाललंय, पण सीसॅटला, म्हणजे पूर्वपरीक्षेच्या दुसऱ्या पेपरला, गेल्या वेळी ६१ गुणांच्या आसपास अडकले. सगळ्यात जास्त गुण गेले ते 'एक प्रश्न आणि दोन विधानं' या प्रकारात. तिथं उत्तर काढायचं नसतं, दिलेली माहिती उत्तराला पुरते की नाही एवढंच सांगायचं असतं. मी क्षच्या जागी २, ३, ५ घालून बघते. तिन्हींचं उत्तर सारखं आलं की 'पुरेसं' म्हणते, आणि उत्तरतालिकेत उलटंच निघतं. मैत्रीण म्हणते ऋण संख्याही घे. एका व्हिडिओत आठ प्रकारच्या संख्या घालायला सांगितल्यात. एका प्रश्नाला दीड मिनिट मिळतं, त्यात आठ संख्या कधी घालू, आणि नेमक्या कोणत्या? दहावीनंतर गणित सुटलं, ते आता जमेल का? आप्पा म्हणतात, 'यंदा परीक्षा दी दे, मंग देखसूत.' म्हणजे हे शेवटचंच वर्ष धरून चालले आहे. सोबत एक चुकलेला प्रश्न पाठवते."
– एक वाचक, धुळे

बेटा,

तू पाठवलेला प्रश्न आधी घेतो. तुझ्या जवळजवळ सगळ्या शंकांचं मूळ त्यातच आहे. बाकीच्या वाचकांसाठी तो इथे लिहून ठेवतो.

प्रश्न: क्ष ही संख्या १ पेक्षा मोठी आहे का?
विधान १: क्षचा वर्ग क्षपेक्षा मोठा आहे.
विधान २: क्षचा घन क्षपेक्षा मोठा आहे.

तू २, ३ आणि ५ या संख्या घेतल्यास. दोन्ही विधानं तिन्ही वेळा खरी ठरली, प्रश्नाचं उत्तर तिन्ही वेळा 'हो' आलं. म्हणून तू लिहिलंस की कोणतंही एक विधान पुरेसं आहे. तुझ्या मैत्रिणीने −२ घेतलं. −२चा वर्ग ४, तो −२ पेक्षा मोठा, म्हणजे विधान १ खरं. पण −२ काही १ पेक्षा मोठा नाही. उत्तर 'नाही' आलं, विधान १ अपुरं ठरलं. इथवर ती बरोबर आहे. पुढे −२चा घन −८, तो −२ पेक्षा लहान, म्हणून ही संख्या विधान २ मध्ये बसतच नाही. तिने ठरवलं की विधान २ एकटं पुरेसं. तीही चुकली.

आता −१/२ घे. वर्ग १/४, तो −१/२ पेक्षा मोठा. घन −१/८. हा −१/२ पेक्षा मोठा की लहान, इथे बरीच मुलं अडखळतात. उधारीचा विचार कर. दुकानदाराचे आठ आणे देणं असणारा आणि दोन आणे देणं असणारा, यांत बऱ्या स्थितीत कोण? दोन आणेवाला. म्हणजे −१/८ मोठा. दोन्ही विधानं खरी झाली, आणि −१/२ मात्र १ पेक्षा मोठा नाही. तिकडे २ ही संख्यासुद्धा दोन्ही विधानांत बसते आणि तिचं उत्तर 'हो' येतं. दोन्ही विधानं एकत्र धरूनही एकदा 'हो', एकदा 'नाही'. म्हणजे दोन्ही मिळूनही माहिती अपुरी आहे.

बघ, सगळा प्रश्न दोनच संख्यांत सुटला, २ आणि −१/२. आठ लागल्या नाहीत. तुझ्या २, ३, ५ या तिन्ही संख्या एकाच घरातल्या होत्या. त्यांना तीनदा विचारलंस काय आणि एकदा विचारलंस काय, सारखंच.

तू कापसाच्या मुलखातली आहेस, म्हणून हे तुला लगेच पटेल. खेडा खरेदीला आलेला व्यापारी गाडीच्या वरचा पांढराशुभ्र कापूस पाहून भाव ठरवत नाही. तो कोपरापर्यंत हात आत घालतो, तळाचा मूठभर कापूस ओढून काढतो, किडकी कवडी आहे का, ओल आहे का ते बघतो. वरून दहा मुठी काढल्या तरी त्याला नवीन काहीच कळणार नाही. त्याचा हात भाव कुठे पडू शकतो ते शोधत असतो. पुरेशा माहितीच्या प्रश्नात तुझा हातही तसाच जायला हवा. 'हो' देणारी संख्या तर तुला चटकन मिळते. त्यानंतरचं सगळं काम 'नाही' देणारी संख्या शोधण्याचं. मी वर्गात तिला 'मोडणारी संख्या' म्हणायचो, कारण ती माहितीचा पुरेसेपणा मोडते. ती सापडली की विधान अपुरं, विषय संपला.

आता ती शोधायची कुठे? व्हिडिओतले आठ प्रकार पाठ करू नकोस. ते येतात कुठून हे एकदा समजलं की पाठ करावे लागत नाहीत. विधान २ मधली क्ष डावीकडे आण: क्षचा घन उणे क्ष. त्याचे अवयव पाड: क्ष, (क्ष − १) आणि (क्ष + १) यांचा गुणाकार. हा गुणाकार शून्य कुठे होतो? ०, १ आणि −१ वर. संख्यारेषेवर या तीन ठिकाणी बांध घातले की रेषेची चार वावरं होतात: १ च्या उजवीकडचं, ० ते १ मधलं, −१ ते ० मधलं आणि −१ च्या डावीकडचं. एका वावरात सगळीकडे एकच पीक. तिथली कोणतीही एक संख्या घे, बाकीच्याही तशाच वागणार. म्हणून २, १/२, −१/२, −२ या चार संख्या. वर्ग, घन, वर्गमूळ, व्यस्त, जिथे जिथे घातांकाचा खेळ आहे तिथे स्वभाव बदलतो तो बहुधा याच तीन बांधांवर, आणि म्हणूनच या चार संख्या पुन्हा पुन्हा कामाला येतात. खुद्द बांधावरच्या ०, १, −१ यांनाही विसरू नकोस. 'पेक्षा मोठा किंवा बरोबर' असं विधान असेल तर त्याच निर्णायक ठरतात.

पण प्रश्न (क्ष − ३) आणि (क्ष − ५) यांच्या गुणाकाराचा असेल तर बांध ३ आणि ५ वर आहेत. तिथे −१/२ घालून फार काही हाती लागणार नाही. २, ४ आणि ६ घालावे लागतील. आणि प्रश्न पूर्णांकांच्या समविषमाचा असेल तर अपूर्णांक मुळी येतच नाहीत; एक सम, एक विषम, शिवाय शून्य (शून्य सम आहे, हे विसरणारे फार) आणि एखादी ऋण संख्या एवढ्यावर बरंचसं भागतं. मूळ संख्यांचा प्रश्न असेल तर २ वेगळा काढून तपास, कारण सम असलेली ती एकटीच मूळ संख्या आहे. दोन चलं असतील तर एक धन एक ऋण घे, आणि दोन्ही समान घेता येतात का तेही बघ. क्षचा वर्ग यच्या वर्गापेक्षा मोठा, तर क्ष यपेक्षा मोठा का? ३ आणि २ म्हणतात हो. −३ आणि २ म्हणतात नाही.

एक चूक तुझ्या पत्रात नाही, पण तुझ्या कच्च्या कागदावर ती असेल असं मला वाटतं, कारण मी ती शेकडो वह्यांत पाहिली आहे. विधान १ मध्ये मुलं क्ष = १/२ घालतात, वर्ग १/४ येतो, तो १/२ पेक्षा लहान, आणि लगेच लिहितात, 'विधान चुकलं, म्हणून अपुरं.' असं नाही. विधान ही परीक्षकाने दिलेली खरी माहिती आहे. तिच्यावर शंका घ्यायची नाही. १/२ त्या माहितीत बसत नाही, म्हणजे १/२ बाद. तिला प्रश्न विचारण्याचा हक्कच नाही. आधी संख्या विधानाच्या दारातून आत येते का ते बघ, आत आली तरच तिला मूळ प्रश्न विचार. आणि विधान २ तपासताना विधान १ हाताने झाकून ठेव. अक्षरशः हाताने. पहिल्यातली माहिती दुसऱ्यात नकळत झिरपते आणि एकटं अपुरं असलेलं विधान पुरेसं वाटू लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोडणारी संख्या सापडली तर विधान अपुरं आहे हे सिद्ध झालं. सापडली नाही तर काय सिद्ध झालं? काहीच नाही. हे मी मुद्दाम कठोरपणे लिहितो आहे. संख्या घालून अपुरेपण सिद्ध होतं, पुरेसेपण होत नाही. न ही पूर्ण संख्या घे. नचा वर्ग, त्यात न मिळव, त्यात ४१ मिळव. ही बेरीज मूळ संख्या असते का? न = १ ला ४३, मूळ. २ ला ४७, ३ ला ५३, १० ला १५१, सगळ्या मूळ. शून्यापासून ३९ पर्यंत चाळीसच्या चाळीस वेळा मूळ संख्याच येते. आणि ४० ला येतात १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१. ऑयलर या गणितज्ञाच्या नावाने ही राशी ओळखली जाते. चाळीस होकार मिळूनही एकेचाळिसावा नकार येऊ शकतो, तर तुझ्या तीन होकारांवर कसं विसंबायचं?

मग 'पुरेसं' कधी म्हणायचं? मोडणारी संख्या शोधून दमलीस की थांब आणि स्वतःला विचार, ही का मोडत नाही? कारण सापडलं पाहिजे. 'न, न + १ आणि न + २ यांच्या गुणाकाराला ६ ने भाग जातो का, न पूर्णांक आहे' या प्रश्नात चार संख्या घालून चारदा होकार येईल. त्यानंतर एक ओळ मनात यायला हवी: लागोपाठच्या तीन पूर्णांकांत निदान एक सम असतोच आणि एक तिनाच्या पटीतला असतोच. झालं, आता ठामपणे 'पुरेसं'. मघाची वावरं हेसुद्धा असंच कारण आहे. चारही वावरांतली एकेक संख्या आणि बांध तपासून झाले असतील तर बाहेर काही उरलेलंच नाही, म्हणून तिथे संख्या घालूनही ठाम सांगता येतं.

तू विचारलंस, कोणत्या संख्या घ्यायच्या. याचं अर्धं उत्तर प्रश्नच देतो, आणि इथे मराठी माध्यमातल्या मुलांची भाषेमुळे गफलत होते. यूपीएससीची प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीत असते. आपण ज्यांना मूळ संख्या म्हणतो त्या हिंदीत अभाज्य संख्या. आपली नैसर्गिक संख्या तिकडे प्राकृत संख्या. आपला अपूर्णांक तिकडे भिन्न, आणि आपल्याकडे भिन्न म्हणजे वेगवेगळे. पूर्णांक दोन्हीकडे पूर्णांकच, पण पूर्णांक आणि पूर्ण संख्या यांत आपली मुलं फरकच करत नाहीत. पूर्ण संख्या शून्यापासून सुरू होतात. पूर्णांकांत −१, −२, −३ हेही येतात. तेवढ्या एका 'अंक'वर अख्खा प्रश्न फिरतो. आणि प्रश्नात यातलं काहीच लिहिलेलं नसेल, नुसतं 'क्ष ही संख्या' असेल, तर ऋण, शून्य, अपूर्णांक, अपरिमेय, सगळ्यांना दार उघडं. क्ष ३ पेक्षा मोठा आणि ५ पेक्षा लहान, तर क्ष किती? तुझ्या मनात ४ आलं असेल. पण पूर्णांक आहे असं कुठे म्हटलं? ३.५ आणि ४.७ दारात उभे आहेत.

काही वेळा असा शब्द नसतो, पण वस्तूच सांगते. माणसं, वह्या, बैल, ताटं अर्धी नसतात आणि उणेही नसतात. समज, धुळ्याच्या एखाद्या खानावळीत शेवभाजीचं ताट ७० रुपयांना आहे आणि भरिताचं ९० ला. काही जण जेवले, बिल झालं ४१० रुपये. शेवभाजीची ताटं किती? शाळेत शिकवलेलं असतं की दोन अज्ञातं असली की दोन समीकरणं हवीत, म्हणून मुलं डोळे मिटून 'अपुरं' लिहितात. तू तसं करू नकोस. भरिताची ताटं शून्यापासून चारपर्यंत घालून बघ, त्यापुढे बिलच ओलांडतं. शून्य घेतली तर ४१० उरतात, ७० ने भाग जात नाही. एक घेतलं तर ३२०, नाही. दोन, २३०, नाही. तीन, १४०, हो, शेवभाजीची दोन ताटं. चार, ५०, नाही. उत्तर एकमेव आहे. एकच समीकरण, तरी पुरेसं, कारण ताटं मोजायची आहेत. तेच ताटांऐवजी दुधाचे लिटर असते तर अर्धा-पाव लिटर चाललं असतं आणि माहिती अपुरी पडली असती.

हे लिहिताना मला पाटण्याची आठवण होते आहे. चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगराच्या कुशीत पाटणादेवीचं देऊळ आहे, तू कदाचित गेलीही असशील. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा उल्लेख आहे. तो यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ स्थापन केला, आणि १२०७ मध्ये त्या मठाला दान मिळाल्याची नोंद दगडावर कोरलेली आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख अभ्यासकांसमोर आणला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी आपल्या खानदेशात, चाळीसगावजवळ, मुलं बसून बीजगणित शिकत होती. 'दहावीनंतर गणित सुटलं, आता जमेल का' असं तू विचारतेस, तेव्हा मला तुला हे आवर्जून सांगावंसं वाटतं. गणित बाहेरून आलेलं, दुसऱ्या कुणाचं आहे, असं समजू नकोस.

१११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी तुझ्याच अडचणीवर नेमकं बोट ठेवलं आहे. धन संख्येचा वर्गही धन आणि ऋण संख्येचाही धन. म्हणून धन संख्येला वर्गमुळं दोन, एक धन, एक ऋण, असं ते स्पष्ट सांगतात. आणि वानरांची त्यांची दोन उदाहरणं तर पुरेशा माहितीचे अस्सल प्रश्न आहेत. पहिल्यात टोळीच्या आठव्या भागाचा वर्ग इतकी वानरं रानात रमलेली आहेत आणि बारा टेकडीवर दिसतात. एकूण किती? उत्तरं दोन निघतात, १६ आणि ४८. सोळाचा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२ म्हणजे १६. अठ्ठेचाळीसचा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२ म्हणजे ४८. दोन्ही बसतात, भास्कराचार्य दोन्ही मान्य करतात. दुसऱ्यात टोळीच्या पाचव्या भागातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग इतकी वानरं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतं. इथेही समीकरणाची उत्तरं दोन, ५० आणि ५. पण ५ घेतलं तर पाचवा भाग १, त्यातून तीन गेले तर −२, आणि उणे दोन वानरं कुणी पाहिली आहेत? म्हणून ५ हे उत्तर ते नाकारतात, ५० तेवढं ठेवतात. तुझ्या परीक्षेच्या भाषेत पहिल्या उदाहरणातली माहिती अपुरी आणि दुसऱ्यातली पुरेशी. दोन्हीकडे वर्गसमीकरण, दोन्हीकडे दोन उत्तरं, निकाल मात्र वेगळा. तो लावला संख्येच्या जातीने.

शून्याबद्दल थोडं. चाळीसगाव तालुक्यात शिकवत असताना एकदा मी फळ्यावर लिहिलं होतं, क्ष गुणिले य बरोबर क्ष गुणिले ५, म्हणून य बरोबर ५. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "सर, क्ष शून्य असला तर?" मी फळा पुसला नाही. तिलाच पुढे बोलावलं आणि क्षच्या जागी शून्य घालायला सांगितलं. डावीकडे शून्य, उजवीकडे शून्य, य काहीही असो, दोन, सतरा, उणे शंभर. त्या दिवसापासून माझ्या वर्गात कुणीही अज्ञाताने भागाकार करण्याआधी 'शून्य तर नाही ना' हे मोठ्याने म्हणायचं, असा नियम झाला. तूही म्हण, अभ्यासिकेत मनातल्या मनात. दोन्ही बाजूंचा क्ष उडवायचा मोह झाला की समज, परीक्षकाने तिथेच शून्य ठेवलं आहे. दुसऱ्या विधानात 'क्ष शून्य नाही' असं असेल तर ते भरतीचं नाही, तेच कुलूप उघडतं, आणि उत्तर 'दोन्ही मिळून पुरेशी' असं येतं. असमतेत तर आणखी जपून. ऋण संख्येने गुणलं की चिन्ह उलटतं, म्हणून क्षचं चिन्ह माहीत नसताना गुणाकार-भागाकार नकोच.

आणखी एक गोष्ट पटकन सांगतो. 'नाही' हेही उत्तर आहे. प सम आहे का, आणि विधान म्हणतं प ही ४० आणि ४६ यांच्यामधली मूळ संख्या आहे. प ४१ असेल किंवा ४३. प किती ते कळत नाही, म्हणून मुलं 'अपुरं' लिहितात. पण प्रश्न तो नव्हताच. ४१ ही विषम, ४३ ही विषम, उत्तर दोन्ही वेळा ठाम 'नाही'. माहिती पुरेशी आहे.

भूमितीच्या प्रश्नांना मात्र ही संख्यांची युक्ती फारशी लावू नकोस. तिथे आकृती ताणून बघायची. दिलेली मापं तशीच ठेवून त्रिकोण लांबट करता येतो का, बुटका करता येतो का, एवढं पाहिलं की पुरे.

वेळेचं आता. सीसॅटला ८० प्रश्न आणि दोन तास, म्हणजे तू म्हणतेस तसं दीड मिनिट. प्रत्येकी अडीच गुण, चुकलं तर त्याचा तिसरा हिस्सा वजा. २०१५ पासून हा पेपर फक्त पात्रतेचा आहे, २०० पैकी ३३ टक्के, म्हणजे ६६ मिळाले की झालं. तुला कमी पडतात ते साधारण पाच गुण. तीन प्रश्नसुद्धा नाहीत! एक चूक सुधारली की अडीच मिळतात आणि वजा होणारे वाचतात, म्हणजे सव्वातीनहून जास्त फरक पडतो. दोन चुका सुधारल्यास तर तू पार होतेस. तुला सगळं गणित नव्याने शिकायचं नाही, हे आप्पांनाही सांग. अभ्यासक्रमातच दहावीची पातळी असं लिहिलं आहे.

म्हणून महिनाभर रोज आठ-दहा प्रश्न कर, त्याहून जास्त नकोत. पहिले पंधरा दिवस घड्याळ लावू नकोस. प्रश्न वाचलास की विधानांकडे बघण्याआधी समासात दोन गोष्टी लिही: क्ष कोणत्या जातीची आहे, आणि विचारलंय काय, किंमत की हो-नाही. मग आधी सहज मिळणारी 'हो' संख्या, आणि लगेच सगळ्यात लांबच्या वावरातली संख्या. घातांक दिसले आणि पूर्णांकाची अट नसली की दुसरी संख्या −१/२ घ्यायची सवयच लाव. २ आणि मग ३ असं कधीच जाऊ नकोस. पहिलं विधान मोडणारी संख्या सापडली की ती फेकू नकोस, दुसऱ्या विधानात बसते का ते बघ. बसली तर एकाच संख्येने दोन्ही विधानं एकेकटी मोडली, आणि 'हो' संख्याही दोन्हींत बसत असेल तर थेट शेवटचा पर्याय, 'दोन्ही मिळूनही अपुरी'. इथेच तुझा वेळ वाचणार आहे. पर्यायांची भाषाही एकदा शांतपणे वाचून ठेव. यूपीएससीच्या अशा प्रश्नात 'एक विधान एकटं पुरतं, दुसरं पुरत नाही' हा एकच पर्याय असतो, पहिलं की दुसरं ते विचारत नाहीत. बँकांच्या परीक्षेत मात्र पाच पर्याय असतात आणि तो फरक विचारतात, तिकडचा सराव केलास तर हे ध्यानात ठेव.

आणि एक वेगळी छोटी वही कर. त्यात सोडवलेले प्रश्न लिहू नकोस. चुकलेला प्रत्येक प्रश्न एका ओळीत, आणि समोर त्याला मोडणारी संख्या. पंधरा दिवसांनी ती वही उघडलीस की तुलाच दिसेल, तू कोणत्या वावरात कधी पायच ठेवत नाहीस. बहुतेकांचं ते −१ ते ० मधलं असतं. तुझं शून्यही असू शकेल.

वहीचा पहिला प्रश्न मीच देतो. तीच खानावळ, तेच भाव, शेवभाजी ७० आणि भरीत ९०. बिल या वेळी ७९० रुपये झालं आहे. शेवभाजीची ताटं किती, हे सांगायला एवढी माहिती पुरते का? करून मला कळव, आणि पुढच्या पत्रात मोडणारी संख्याही लिही.